माईंची फणी

एकदा एका डोंगरगावी, पौष शुद्ध पंचमीला, पहाटे दाट धुके होते आणि दुपारी कोरडे ऊन पडले. त्या दुपारची ही गोष्ट.

त्या गावात एक वृद्ध विदुषी मुलींचे छोटे वसतिगृह चालवीत. सगळे त्यांना माई म्हणत. त्यांच्यापाशी इंदुमती नावाची तरुण शिष्या शिकवण्याचे काम शिकत होती. मेंढपाळांच्या तळावरून नुकतीच आलेली हिरू डोके खाजवताना तिला दिसली. जवळ जाऊन पाहते, तर केसांत पांढरे कण. लिखाच या, अशी इंदुमतीची खात्री झाली. तिने हिरूला ओसरीच्या टोकाला एकटीला बसवले आणि डोके भादरायला न्हाव्याला निरोप धाडला.

मुलींना तेवढेच हवे होते. "उवांची राणी! उवांची राणी!"

हिरूने कमरेपर्यंतची वेणी दोन्ही मुठींत घट्ट धरली. "बाई, नका ना कापू. आई बाजाराला आली तर मला ओळखायची नाही."

"केस पुन्हा येतात," इंदुमती म्हणाली.

इतक्यात माई बाहेर आल्या. हातात पाण्याचा तांब्या, खोबरेलाची वाटी, पांढरे फडके आणि बारीक दातांची फणी. हिरूकडे न जाता त्या इंदुमतीसमोर थांबल्या.

"इंदू, अंबाडा सोड."

"माझा? अहो माई, मी नेमाने न्हाते. आणि मला खाजसुद्धा नाही."

"मग फणीला काय भ्यायचं? बस."

मुली पदराआड खुसखुसल्या. माईंनी तिचे केस ओले करून तेल लावले, कानामागून आणि मानेवरून मुळापासून फणी ओढली आणि फडक्यावर पुसली. तिळाएवढा एक तपकिरी ठिपका फडक्यावर सावकाश चालू लागला.

इंदुमती बघतच राहिली. तिला लाज वाटली, पण त्याहून नवल अधिक वाटले. "मग हिरूच्या केसांत ते पांढरे काय?"

माईंनी हिरूला बोलावले. तिच्या केसांतला एक कण चिमटीत धरून फुंकर मारली. तो उडून गेला. मग इंदुमतीचा एक केस तिच्याच हाती दिला. मुळाजवळ बारीक दाणा होता. "ढकल नखाने."

तो हलेना.

"लीख केसाला डिंकासारखी चिकटते," माई म्हणाल्या. "कोंडा नुसता पडून असतो. या कोरड्या थंडीत हिरूच्या टाळूचा कोंडा झालाय. पण एवढ्यावरही निकाल द्यायचा नाही, कारण रिकामी लीख जुनीही असू शकते. चालती ऊ दिसली, तरच उवा आहेत म्हणायचं."

"पण मला खाज का नाही?"

"खाज उशिरा येते, कधी कित्येक आठवड्यांनी. ऊ उडत नाही, उडी मारत नाही, ती डोक्यावरून डोक्यावर चालत जाते. मुलींना अक्षर गिरवायला शिकवताना तू रोज त्यांच्या डोक्याला डोकं लावून बसतेस. त्या मायेच्या वाटेनंच ती आली. स्वच्छ केस तिला वर्ज्य नाहीत, आणि तिच्यासाठी कुणाचं डोकं भादरायचंही कारण नाही. तू हिरूचे केस पाहिले नाहीस, इंदू. ती कुठून आली, तेवढंच पाहिलंस."

अंगणात न्हावी येऊन उभा राहिला. धोकटी खाली ठेवत त्याने विचारले, "कुणाचं डोकं?"

साऱ्या मुलींनी इंदुमतीकडे पाहिले. तिचा हात नकळत आपल्या मोकळ्या केसांकडे गेला आणि दोन्ही मुठींत केस धरून ती क्षणभर तशीच राहिली. मग ती हिरूसमोर पाठ करून बसली आणि फणी मागे धरली.

"हिरू, आता तू विंचर."

"मान खाली घाला, बाई," हिरू म्हणाली.

न्हावी चहा पिऊन परतला. त्या दुपारी सगळ्यांचीच डोकी विंचरली. आणखी दोघी मुलींच्या डोक्यांत उवा निघाल्या, हिरूच्या डोक्यात एकही नाही. दर दोन-तीन दिवसांनी फणी फिरत राहिली. पौष अमावास्येला पुन्हा सर्व डोकी पाहिली. फडके कोरे राहिले.