मागच्या फळीवरच्या सात बाटल्या

“मग नेमकी कुठली साखर, बापू?”

विचारणारा हेरंब. माझा नवरा, लग्नाला तीन महिने झालेत. आंबोलीला बापू सोनुर्लेकरांच्या प्रयोगशाळेत तो काचेच्या बाटल्यांत ऑर्किड वाढवतो. रानातली ती जात ज्या झाडावर होती, ते झाड मागच्या वादळात पडलं. उरलंय ते एवढंच, बाटल्यांत.

“ग्लुकोज घालून पाहिलं, फ्रुक्टोज पाहिलं, आपली चहाची साखरही पाहिली. दर तीन आठवड्यांनी ताजं खाद्य. एकदाही चुकलो नाही.”

“मग रे?”

“बियांचे हिरवे गोळे धरतात. गोळ्याला गोळा फुटतो. पान नाही, मूळ नाही... रानात लावू काय?”

बापू माझ्याकडे वळले.

“सूनबाई, माहेरी स्कूटर कोण चालवायचं?”

“मीच, बापू.”

“आणि इथे?”

“हे चालवतात. घाट आहे म्हणतात, धुकं आहे म्हणतात. किल्लीसुद्धा यांच्याच खिशात.”

हेरंबचे कान लाल झाले. माझ्यावरचं प्रेम त्याला कुठे ठेवू नि कुठे नको असं होतं, ते खरंच.

“लग्नाच्या गडबडीत एकही बाटली खाद्यावाचून राहिली नाही म्हणतोस?”

“...सात राहिल्या. मागच्या फळीवर. तेव्हापासून उपाशी. गेल्याच असतील म्हणून लाजेने बघितल्याही नाहीत.”

“आण.”

त्याने ट्रे आणला, तोंड फिरवून.

बापूंनी एक बाटली खिडकीच्या उजेडात धरली.

आत तांदळाच्या दाण्याएवढी पानं. दोन, तीन... आणि खाली चाचपडत निघालेलं पांढरं मूळ.

सातही बाटल्यांत.

हेरंब मोठ्याने हसला. एक बाटली मला दाखवली, बापूंना दाखवली, पुन्हा मला. मग भानावर येऊन वही उघडली.

“म्हणजे साखर द्यायचीच नाही?”

“दिली नसतीस तर गोळा कुठून धरला असता?”

“मग द्यायचं थांबायचं कधी?” पेन तयार होतं.

बापूंनी वही मिटली. सातही बाटल्या एका खोक्यात नीट लावल्या आणि खोकं त्याच्या दोन्ही हातांत दिलं.

“खालच्या रोपवाटिकेत पोचव ही. उजेडाची सवय होऊ दे.”

हेरंबने खोकं छातीशी धरलं आणि कोपराने खिसा चाचपू लागला.

“किल्ली सूनबाईला दे,” बापू म्हणाले. “तू मागे बस.”