विकतचे गवत

डोंगराखालच्या एका गावात रायाजी नावाचा एक शेतकरी होता. त्याच्या बांधावर गवत भरपूर होई. त्यावर त्याची एकुलती एक गाय कवडी वर्षभर पोसली जाई. "आमच्या गव्हाणीत विकतचे गवत कधी पडले नाही," असे तो चारचौघांत सांगे आणि मिशीवरून हात फिरवी.

एका वर्षी पाऊस फार कमी पडला. बांधावरचे गवत वीतभरच वाढले. दिवाळी झाली आणि डोंगरावरचे गवतवाले दोरांनी आवळलेल्या गासड्या गाडीत भरून खाली उतरले.

रायाजीची बायको तानूबाई म्हणाली, "अहो, दहा गासड्या घेऊन ठेवा. कवडी गाभण आहे."

"आणि लोक काय म्हणतील? रायाजीला एक गाय पोसता येईना?"

"लोक येणार आहेत का तिला चारा घालायला?"

रायाजी दाराशी थांबलेल्या गाडीकडे वळला. गाडीवाल्याला म्हणाला, "पुढचे घर बघ."

गाडीवाला हसला. "बघतो, मालक. पण शिमग्यात मला शोधत येऊ नका. तेव्हा माझ्याकडे नुसते दोर असतील."

शिमग्याला बांध उघडे पडले. कवडीच्या बरगड्या दिसू लागल्या. ती गोठ्याच्या छपराचे कुजके गवत ओढून खाऊ लागली. मग रायाजी गुपचूप डोंगर चढून गेला. गवतवाल्याकडे खरेच काडी उरली नव्हती.

नदीपलीकडच्या हैबतीने दिवाळीतच माळा भरून गासड्या घेतल्या होत्या. रायाजी कवडीला घेऊन त्याच्या दारी गेला आणि म्हणाला, "ही आता तूच सांभाळ."

हैबती म्हणाला, "अरे, गाय कशाला देतोस? चार गासड्या ने. पुढच्या साली परत कर."

"रायाजी चारा मागत नाही," असे म्हणून त्याने कवडीचे दावे हैबतीच्या खुंट्याला बांधले आणि मागे न बघता तो निघाला.

घरी आला आणि त्याला गोठ्याकडे बघवेना. सकाळी जाग आली की हात आपोआप शेणाच्या पाटीकडे जाई. कुठे गळ्यातली घंटा वाजली की तोंडातला घास तोंडातच राही. नदीवर गेला की पलीकडे चरणाऱ्या गुरांत तो कवडीला शोधी. दिसली नाही तरी उन्हात खूप वेळ उभा राही. तानूबाई रिकामी गव्हाण रोज झाडून ठेवी. तेच त्याला जास्त लागे.

पुढच्या दिवाळीला रायाजी स्वतः वाटेवर जाऊन गवतवाल्यांची वाट पाहत बसला. गासडी आतून ओली असली तर बाहेरून कळत नाही. म्हणून त्याने प्रत्येक गासडीत कोपरापर्यंत हात घालून पाहिला, बुरशीचा वास येतो का ते हुंगले, आणि वीस चांगल्या गासड्या निवडून घेतल्या. लोक बघत होते. त्याने बघू दिले. भाड्याची गाडी भरून तो थेट हैबतीकडे गेला.

"हैबती, गवत घे. माझी गाय दे."

कवडी अंगाने भरली होती. जवळ वासरू उभे होते. हैबतीने गायवासराकडे पाहिले. "गाय ने, वासरूही ने. पण ओढून न्यायचे नाही. तुझ्यामागे आपणहून आली तर ने."

रायाजीने दावे सोडले. मूठभर गवत तिच्यापुढे धरले. कवडीने त्याचा हात हुंगला, मनगट चाटले, गवत खाल्ले. तो चालू लागला तशी तीही मागे निघाली. वासरू तिच्यामागे आले. अंगणाच्या फाटकाशी मात्र ती थांबली.

"कवडे, चल," रायाजी म्हणाला.

तिने त्याच्याकडे बराच वेळ पाहिले. मग वळली आणि हैबतीच्या गव्हाणीकडे परत गेली.

हैबती हळूच म्हणाला, "ती तुला विसरली नाही, रायाजी. पण उपासही विसरली नाही."

"बरोबर आहे तिचे," रायाजी म्हणाला.

त्याने वीसही गासड्या एकेक करून हैबतीच्या अंगणात उतरवल्या. एकीचा दोर कापला, गवत मोकळे करून कवडीपुढे घातले, आणि तिचे खाऊन होईपर्यंत तिच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला. मग रिकामी गाडी घेऊन घराकडे वळला.

तात्पर्य: गरजेच्या वेळी विकत घेण्यात किंवा मागण्यात कमीपणा मानू नये. खोट्या मानापायी जिवाभावाचे गमावले, तर पुढे गाडी भरून नेली तरी ते परत मिळत नाही.