रावगे

कातळोशी आणि बावखोल या दोन गावांच्या मधून खोल व्हाळ वाहतो. दोन्ही काठांवर समोरासमोर एकेक सपाट कातळ आहे. गौरी गेल्या की दुपारी कातळोशीच्या बायका तिथे हुमाणी, म्हणजे कोडी, घालायला जमतात. जिला उत्तर येत नाही ती "हरले" म्हणत नाही, "रावगे" म्हणते. बाहेरून आलेल्यांना वाटतं, राव म्हणजे कोणी सरदार असावा. सरदार कुठला हो! राव म्हणजे थांब. राव गे, थांब गं बाई, एवढंच.

हा शब्द मथूचा, असं सांगतात. मथू आणि सगुण या कातळोशीच्या दोन बहिणी. धाकटी मथू बावखोलात दिली. पावसात व्हाळ फुगला की वरच्या साकवावरून पलीकडे जायला अर्धा दिवस मोडायचा, म्हणून सगुण रोज सकाळी कातळावरून एक हुमाण ओरडायची नि मथू पलीकडून उत्तर द्यायची. नाही सुचलं तर "राव गे!" एकदा राव म्हटलं की घालणारीने गप्प बसायचं. पुन्हा हाक मारायची नाही, कारण ती मारणं म्हणजे समोरचीला हरलेली धरणं. दोघींनी लहानपणी घातलेला हा नियम.

एका श्रावणात सगुणने घातलं, "उबी रवता ती रिकामी, आडवी पडता ती भरलेली. सांग!"

पलीकडून आलं, "राव गे..." आवाज बारीक होता, पण वारा उलटा असेल असं सगुणला वाटलं.

दुसऱ्या दिवशी मथू कातळावर आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. पाण्याला आलेल्या बायका हसायच्या, "काय गे सगुणा, भयण हरली तुझी!"

"हरूची नाय ती. राव म्हटल्यान हा ना, मी रावतलंय."

घशाशी आलेली हाक सगुणने चार दिवस गिळली. पाचव्या दिवशी नियम मोडून तिने हाक मारली. उत्तर आलं नाही, तशी ती साकवाकडे पळत सुटली.

बावखोलात मथूच्या कुंपणाला गुंडाळलेली हातरी, म्हणजे निजायची चटई, टेकवून ठेवलेली होती. उभी. रिकामी. आपल्याच हुमाणाचं उत्तर पाहून सगुण दारातच खाली बसली.

घरातले पुरुष परगावी चाकरीला गेलेले, म्हातारी सासू एकटी. ती म्हणाली, "तापान काल रातीक गेली गे. कपाळ नुसता भाजा होता. हातरेर हात आपटून म्हणा होती, सगुणाक सांगा, माका उत्तर गावला. पण माझ्या म्हातारेचो आवाज व्हाळापलीकडे खय पोचतलो?"

सगुणने पुढे कधी हुमाण घातलं नाही, असं म्हणतात. कुणाकडून "राव गे" कानावर आलं मात्र, की हातातलं काम टाकून ती त्या बाईपाशी जायची.

आजही कातळावर कोणी "रावगे" म्हटलं की हसणं थांबतं. हुमाण घालणारी उठते, त्या बाईजवळ जाते आणि तिच्या कपाळाला हात लावून बघते.