पोपटाच्या चोचीवरचा पहारा

फार जुन्या काळी एका रानात एक पोपट सगळ्यांचं बोलणं ऐकायचा आणि विचारेल त्याला सांगून टाकायचा. कोल्ह्याला सशांची बिळं कळू लागली, तेव्हा सिंहाने हुकूम काढला, "बिळं राखणाऱ्या साळिंदराने आता पोपटाची चोचही राखावी. ससे कुठे राहतात, ते त्याने कुणालाही सांगता कामा नये."

दुसऱ्याच दिवशी कोल्हा आला. "पोपटराव, ससे आता कुठे राहायला गेले?"

"ते सांगायचं नाही!" साळिंदराने दटावलं.

"बरं, कोवळं गवत कुठे कुरतडलेलं दिसतं?"

"करवंदीच्या जाळीमागे!" पोपट म्हणाला. गवताबद्दल हुकुमात काहीच नव्हतं.

संध्याकाळी सशिणीचं एक पिल्लू कमी होतं.

साळिंदर सिंहाकडे गेलं. "महाराज, मला चोचीपाशी नको, त्याच्या कानापाशी बसवा."

"आता काय उपयोग? त्याने सगळं ऐकलंय."

"सगळं कुठे, महाराज? सशीण पुन्हा विणार आहे, नव्या बिळात."