मुकी किंगपिन

गाड्या निव्वळ मनगटाच्या जोरावर वळत, तेव्हाची गोष्ट. एका म्हाताऱ्या पिकअपचं स्टेअरिंग इतकं जड झालं, की प्रत्येक वळणावर ड्रायव्हर रंगनाथ त्यालाच शिव्या घाली. दारही कुरकुरे, "अंगचोर मेलं!" स्टेअरिंगलाही वाटू लागलं, खोट आपलीच.

शेवटी गाडी याकूब मिस्त्रींकडे आली. हातोडा म्हणाला, "या स्टेअरिंगला दोन ठेवून देतो." मिस्त्रींनी त्याला बाजूला सारलं. जॅक लावून पुढची चाकं उचलली आणि स्टेअरिंगकडून चाकांकडे जाणारा दांडा सोडवला. स्टेअरिंग एका बोटाने गरकन फिरलं! चाक मात्र हाताने ढकलूनही वळेना.

चाकाच्या सांध्यातली, चाक जिच्यावर वळतं ती जाड खीळ, किंगपिन, हळूच म्हणाली, "मी अडलेय. ग्रीस भरायचं तोंड चिखलानं बुजलंय. कोरडीच आहे."

"बोलली का नाहीस?" स्टेअरिंगने विचारलं.

"सगळेच ओरडत होते. म्हटलं, एकीने तरी मुकाट भार उचलावा."

स्टेअरिंगला भरून आलं. मिस्त्रींनी तारेने तोंड मोकळं केलं आणि वाळलेली काळी घाण बाहेर पडेपर्यंत ग्रीस भरलं. गाडी अलगद वळू लागली.

तेव्हापासून कुठलीही गाडी आली, की याकूब मिस्त्री कुरकुरणाऱ्याचं नंतर ऐकतात. आधी गप्प बसलेलीपाशी वाकून विचारतात, "बाई, तुझं काय?"