पाण्याखालचा विळा

पूर्वी शंखपूर नगरात दृढवर्मा नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व लव्हाळा लावणाऱ्यांच्या कुळात जन्माला आला. त्याचे नाव भूरिक. नगराच्या उत्तरेला एक मोठे तळे होते आणि साऱ्या नगराचे पिण्याचे पाणी त्यातूनच येई. तळ्याच्या काठाकाठाने, उथळ पाण्यात, लव्हाळ्याचा रुंद पट्टा होता. त्याचे तीन धारांचे हिरवे दांडे पुरुषभर उंच वाढत. त्यांच्या चटया विणून भूरिकाचे कुळ पोट भरी. पण बापाने त्याला सांगून ठेवले होते, की चटई ही वरची मिळकत, लव्हाळा राखायचा तो पाण्यासाठी. पावसाळ्यात रानातून वाहत येणारा गाळ त्या दाट मुळांत अडकून राही आणि पाणी गाळल्यासारखे होऊन तळ्यात शिरे.

लव्हाळ्याची निगा सोपी दिसे, पण तशी ती नव्हती. कोंब असलेला कंदाचा तुकडा निवडावा लागे. तो असा खोचावा लागे, की पहिले वर्षभर पाणी घोट्याच्या वर जाऊ नये. कापणी करायची ती तुरे वाळल्यावर, आणि तीही पाण्यावर वीतभर दांडा ठेवून. तो दांडा आतून भुसभुशीत असतो आणि चिखलातला कंद त्यातूनच श्वास घेतो. पाण्याखाली विळा चालला तर दांड्यात पाणी भरते आणि कंद गुदमरून कुजतो. हे भूरिकाला ठाऊक होते आणि त्याचा धाकटा भाऊ रोहक यालाही ठाऊक होते. दोघेही एकाच बापाच्या मागून त्या चिखलात चालले होते.

एके वर्षी राजाला वाटले, राणीसाठी तळ्यात नौकाविहाराचा उत्सव करावा. तो तळ्यावर आला, तर लव्हाळ्यामुळे त्याला पाणीच दिसेना. त्याने भूरिकाला बोलावले.

"हे गवत काढून टाक. काठापासून काठापर्यंत पाणी आरशासारखं दिसलं पाहिजे. एक खुंटही वर राहता कामा नये. काम झालं की तुला तळ्याचा अधिकारी नेमतो."

भूरिक म्हणाला, "महाराज, नावांसाठी मी मधून दोन वाटा मोकळ्या करून देतो. पण सगळा लव्हाळा पाण्याखाली कापला तर तो मरेल. त्याची मुळं तळ्यात कुजतील आणि तेच पाणी नगर पिईल. माणसं आजारी पडतील."

"म्हणजे तू हे करणार नाहीस?"

"माझ्या हातून होणार नाही, महाराज."

तेव्हा रोहक पुढे झाला. "गवतच आहे, महाराज. आज कापलं तर उद्या उगवेल. मी करतो."

भूरिकाने भावाकडे पाहिले. रोहकाने मान वळवली नाही.

पंधरा दिवसांत काठ मोकळा झाला. उत्सव थाटात पार पडला. रोहकाला अधिकाराचे वस्त्र मिळाले आणि तो तळ्यावरच्या नव्या घरात राहायला गेला.

उन्हाळा लागला तशी तळ्यातून काळे बुडबुडे वर येऊ लागले. कंद कुजले होते. पहिल्या पावसात रानातला सगळा गाळ अडथळ्यावाचून आत आला. पाण्याला वास सुटला. लोक ते फडक्याने गाळून प्यायले, कारण दुसरे पाणी नव्हते. मग घराघरात हगवण शिरली. म्हातारी माणसे गेली, तान्ही मुले गेली. भूरिकाची सहा वर्षांची मुलगी चुंदी तीन दिवस पाणी मागत होती. आई सामा तिला तेच पाणी पाजत होती. चौथ्या दिवशी चुंदीने पाणी मागितले नाही.

लोक राजवाड्यासमोर जमले. राजाने रोहकाला विचारले, "हे कसं झालं?"

रोहक म्हणाला, "महाराज, माणसं आजारी पडतील असं माझा भाऊ आपल्याला आधीच म्हणाला होता. त्याला आधी कसं कळलं? अधिकार मला मिळाला याचा त्याला राग होता. त्यानेच पाण्यात काहीतरी कालवलं असणार."

भूरिक म्हणाला, "माझी मुलगीही तेच पाणी पिऊन गेली."

"ढोंग आहे!" गर्दीतून कोणीतरी ओरडले. ज्यांनी कालच आपली मुले पुरली होती, त्यांना कोणीतरी दोषी हवाच होता. राजालाही हवा होता.

भूरिकाच्या उजव्या हाताचा अंगठा तोडण्यात आला आणि त्याला राज्याबाहेर घालवण्याची आज्ञा झाली. जाताना त्याने शिपायांना विनवून तळ्याच्या ईशान्य कोपऱ्यात थांबवले. तिथे खडक असल्यामुळे विळा पोहोचला नव्हता. डाव्या हाताने चिखल उकरून त्याने टोपलीभर जिवंत कंद काढले.

सामा म्हणाली, "आपली लेक मागे राहिली, आणि तुम्ही गवत उचलता?"

"इथे राहिलं तर हेही मरेल," भूरिक म्हणाला.

थोडे अंतर गेल्यावर तिने टोपली आपल्या डोक्यावर घेतली, कारण त्याच्या हातातून रक्त वाहत होते.

सीमेपलीकडे दोन दिवसांच्या वाटेवर एक दलदल होती. तिथे त्यांनी झोपडी बांधली आणि कंद लावले. भूरिकाला विळा नीट धरता येत नसे, म्हणून कापणी सामा करी. पाणी वाढले की तो बांध फोडी, उतरले की पुन्हा घाली. रानडुकरे कंद उकरून खात, म्हणून त्याने भोवती काटेरी कुंपण केले. पहिल्या वर्षी निम्मे कंद गेले. चौथ्या वर्षी सारी दलदल हिरवी झाली होती.

त्या वर्षी रोहक आला. तो वाळून गेला होता. अंगणात येऊन तो उभाच राहिला.

"दादा, राजाने नद्यांवरून दुसरे लव्हाळे आणवले. एकही जगला नाही. मला पुढच्या पावसाळ्यापर्यंत मुदत आहे. तळं सुधारलं नाही तर माझं डोकं जाईल. मला कंद दे. लावणी तुलाच साधते, माझ्या हातचे जगत नाहीत."

सामा झोपडीतून बाहेर आली. "तुमचं डोकं जाणार म्हणून आलात. माझी चुंदी गेली तेव्हा कुठे होतात? ह्यांचा अंगठा गेला तेव्हा तर समोरच होतात. कंद हवेत? आधी राजाकडे जा आणि खरं काय ते सांगा. मग या."

रोहक म्हणाला, "वहिनी, खरं सांगितलं तर आजच मरेन."

"मग मरा," सामा म्हणाली.

भूरिकाने विचारले, "मुलं अजून तेच पाणी पितात?"

"पितात. दुसरं कुठलं आहे?"

"दरवर्षी जातात?"

"दरवर्षी."

भूरिक उठला आणि कंद काढायला पाण्यात उतरला. सामा म्हणाली, "तुम्ही जा. मी येणार नाही. त्या गावातल्या बायकांनी माझ्या तोंडावर दारं लावली होती. त्यांची मुलं जगावीत असं मला वाटत नाही. वाटायला हवं, पण नाही वाटत."

"मी तुला ये म्हणत नाही," भूरिक म्हणाला.

हद्दपारीची आज्ञा उठली नव्हती. म्हणून भूरिक डोक्याला आणि उजव्या हाताला फडके गुंडाळून, नाव बदलून, रोहकाच्या हाताखालचा मजूर म्हणून शंखपुरात शिरला. दोन वर्षे तो चिखलात वाकून राहिला. कोंब कुठे खोचायचा, पाणी किती ठेवायचे, तण कधी काढायचे, हे तो हळू आवाजात रोहकाला सांगे आणि रोहक मोठ्याने इतर मजुरांना सांगे. पहिल्या पावसाळ्यात काठावर कोवळा हिरवा पट्टा दिसला. राजाने त्यावर रोहकाला जीवदान दिले. दुसऱ्या पावसाळ्यात पाण्याचा वास गेला. त्या वर्षी नगरात हगवणीने एकही मूल दगावले नाही.

राजाने तळ्याकाठी सभा भरवली. रोहकाला हत्तीवर बसवले आणि सोन्याचा विळा दिला. राजा म्हणाला, "एका भावाने पाणी नासवलं, दुसऱ्याने राखलं." लोकांनी जयजयकार केला. भूरिक मजुरांच्या रांगेत उभा होता. हत्ती त्याच्या समोरून गेला. रोहकाने त्याला पाहिले. मग हत्ती पुढे गेला.

मजुरांना पायलीपायली तांदूळ देऊन वाटेला लावण्यात आले.

भूरिक दलदलीवर परतला तेव्हा सामा दारात चटई विणत होती. तिने त्याच्या पायांवर पाणी घातले.

"मुलं?" तिने विचारले.

"वाचली."

"आणि त्याने सांगितलं का, खरं?"

"नाही."

सामाने तांदळाचे गाठोडे सोडले. तांदळात खडे फार होते. ती सुपात घेऊन ते निवडत बसली, आणि निवडता निवडता प्रथमच मोठ्याने रडली. भूरिक तिच्याजवळ बसून राहिला.

ही पूर्वजन्मीची हकिगत शास्त्याने, म्हणजे बुद्धाने, वग्गुल नावाच्या भिक्षूला सांगितली. वग्गुलाने चार महिने खपून विहाराची विहीर उपसली होती. श्रेय दुसऱ्याला मिळाले म्हणून तो कुढत होता आणि भिक्षेलाही जात नव्हता. शास्ता म्हणाला, "भिक्षू, तो राजा दृढवर्मा म्हणजे आज या विहाराला धान्य देणारा वृद्ध श्रेष्ठी. सामा म्हणजे भिक्षुणी खेमका. भूरिक म्हणजे मीच होतो."

वग्गुलाने विचारले, "आणि भंते, रोहक?"

शास्ता म्हणाला, "रोहक म्हणजे तू."

वग्गुलाची मान खाली गेली.

शास्ता म्हणाला, "त्या जन्मी मी क्षांती, म्हणजे सहनशीलता, आचरली. ती मला गोड लागली असे समजू नकोस. सामाच्या हातचा तो भात आम्ही दोघांनी कसाबसा गिळला. तरीही आचरली, तिचेच नाव क्षांती."