चिंध्यांचे वशिंड

पूर्वी कर्दमनगरावर सुरुची राजाची सत्ता होती, त्या काळी बोधिसत्त्व एका सुताराच्या घरी जन्माला आला होता. वेशीजवळ त्याची सुतारशाळा होती. चाक, आस, जू, दांडी, गाडीचे जे मोडेल ते तिथे येई.

त्याच नगरात नंदक नावाचा गाडीवान राहत असे. आपल्या छपराच्या बैलगाडीतून तो दर उन्हाळ्याच्या शेवटी घाटावरच्या पाड्यांना मीठ नेई. पावसाळ्यात घाट बंद होई, म्हणून ते मीठ चार महिने पुरवावे लागे. त्या वर्षी घाट बंद व्हायला दहाच दिवस उरले असताना नंदकाचा एक बैल साप चावून मेला.

दुसरा बैल घ्यायचा, एवढीच खरे तर गोष्ट. पण नेमके तेव्हाच राजाच्या पागेतले दोन सैंधव घोडे विकायला निघाले आणि नंदकाचे डोके फिरले.

शेजारचा सावकार म्हणाला, "घोड्यांची गाडी आणलीस, तर गाडीवानांच्या सभेत पुढच्या पाटावर बसशील." कुंभार म्हणाला, "घोडा हरभरे खातो. मग तू काय खाशील?" सासरा म्हणाला, "बैलच घ्या, पण पांढरेशुभ्र घ्या. चारचौघांत दिसायला बरे." नंदकाला प्रत्येकाचे पटे, आणि हेच त्याचे दुखणे होते. सकाळी त्याचा बैल ठरे, दुपारी घोडे. संध्याकाळी काय ठरले होते, ते त्याला बायकोला विचारावे लागे. असे पाच दिवस गेले.

सहाव्या दिवशी इसार देऊन त्याने एक घोडा पाहण्यापुरता आणला आणि गाडीसह सुतारशाळेत नेला. मागोमाग त्याची बायको चित्रा आली. बैलाचे जू वशिंडाला अडून बसते. घोड्याला वशिंड नसते, हे नंदकाच्या ऐन वेळी ध्यानात आले होते. म्हणून त्याने चिंध्यांचे गाठोडे करून घोड्याच्या मानेवर काथ्याने बांधले होते. घोडा दोन पावले चालला. जू गाठोड्यावरून घसरून गळ्यावर आले, तसा तो खोकला आणि जागीच थांबला.

"वशिंड जरा मोठं बांधू का?" नंदकाने विचारले.

"भाऊ, बैल खांद्याने ओढतो, घोडा छातीने," बोधिसत्त्व म्हणाला. "घोडे हवे असतील तर जू बदलावं लागेल, दांडी बदलावी लागेल, चाकं हलकी करावी लागतील. हे छप्परही उतरवावं लागेल."

"किती दिवस लागतील?" चित्राने विचारले.

"वीस."

"घाट तर पाच दिवसांत बंद होतोय!"

नंदक मटकन खाली बसला. "मला काही सुचत नाही, दादा. घोडे घेतले तर मीठ पोचत नाही. बैल घेतला तर लोक म्हणतील, याच्यात दम नव्हता. तुम्हीच सांगा."

त्या वर्षी सुतारशाळेत काम नव्हते. नंदकाच्या एका होकाराने बोधिसत्त्वाच्या घरची पावसाळ्याची बेगमी झाली असती. क्षणभर त्याचाही गोंधळ उडाला, हे लपवण्यात अर्थ नाही. मग त्याने विचारले, "तुझी गाडी पेठेत किती वेळ उभी असते?"

"माल भरेपर्यंत. अर्धा दिवस."

"आणि घाटात?"

"दोन दिवस चढायला, दोन उतरायला."

"तिथे तिला कोण बघतं?"

नंदकाने पुष्कळ विचार केला. "माकडं," तो म्हणाला.

चित्राला हसू आवरेना. बोधिसत्त्वाने गोठ्यातून लाकडे ओढणारा आपला तांबडा बैल सोडून आणला. "हा घेऊन जा. माझी लाकडं मी खांद्यावर आणीन." नंदकाचे ठरण्याची वाट न पाहता चित्राने तो उरलेल्या बैलाच्या जोडीला जुंपलासुद्धा.

तिसऱ्या दिवशी गाडी वरच्या पाड्यावर पोचली. तिथली माणसे पंधरा दिवस आळणी पेज पीत होती. ती धावत आली. आपल्या गाडीला घोडे का नाहीत, हे कोणीतरी विचारील म्हणून नंदक उत्तर जुळवीत उभा होता. कोणी विचारले नाही. एका म्हातारीने पोत्यात हात घालून मिठाचा खडा जिभेवर ठेवला आणि डोळे मिटले. मग तिने नंदकाचा हात धरला. "आलास रे बाबा," ती म्हणाली. "आम्हाला वाटलं, यंदा आम्हाला विसरलास."

नंदकाला मान वर करता येईना.

मातीचे पात्र घ्यावे की लोखंडी, या विचारात तीन दिवस भिक्षेलाच न गेलेल्या एका भिक्षूला शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, जेतवन विहारात ही गोष्ट सांगितली. शेवटी ते म्हणाले, "तेव्हाचा नंदक तूच होतास. चित्रा ती आजची भिक्षुणी उत्पलवर्णा, तांबडा बैल तो आनंद आणि सुतार मी."

"पण भदंत, मग पात्र कोणतं घेऊ?" भिक्षूने विचारले.

"दारात कोणीतरी भात घेऊन ताटकळत उभं आहे," शास्ते म्हणाले. "हाताशी असेल ते घे आणि नीघ."

चालून आलेल्या लाभावर पाणी सोडून, अडलेल्याला आपल्याजवळचे देऊन मार्गाला लावणे, ही दानपारमिता होय.